पॅकेट ट्रेसरमध्ये केबल कधी तुटत नाही

टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये ऑरिक या औद्योगिक नगरीतल्या कारखान्यासाठी सामंजस्य करार केला, तेव्हापासून संभाजीनगरात ‘पोराला काय शिकवू?’ या प्रश्नाला जोर आलाय. नवा कारखाना म्हटलं की रोबोट आठवतात. त्या रोबोटपर्यंत केबल ओढून स्विच लावणारा कुणाला आठवत नाही.

आठवलाच तर लोक थेट महागड्या क्लासची पायरी चढतात. सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्राची नुसती परीक्षा ३०० डॉलरची, म्हणजे पंचवीस हजारांच्या वरच. पण शिकण्यासाठी ती द्यावीच लागते असं कुठे आहे? पडद्यावरच नेटवर्क जोडून बघायचं सिस्कोचं पॅकेट ट्रेसर त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीत खातं उघडलं की फुकट मिळतं. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापकांची नेटवर्किंगवरची व्याख्यानं आहेत, तीही फुकट. इंग्रजीने अडत असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्सचे धडे मराठीतही सापडतात.

मग खर्च कशावर करायचा? माझं मत विचाराल तर क्रिम्पिंग टूल, मूठभर आरजे-४५ कनेक्टर आणि साधा केबल टेस्टर यांवर. केबल सोलली की आत आठ तारा निघतात, जोडीजोडीने पीळ दिलेल्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी या क्रमाने त्या कनेक्टरमध्ये सरकवायच्या. पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उकलायचा नाही. पहिले चार-पाच कनेक्टर वाया जाणारच, तो धरलेला खर्च. गंमत पुढे आहे. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. तपकिरी जोडी सैल राहिली तरी अनेकदा पोर्टचा दिवा लागतो, इंटरनेट चालतं आणि वेग मात्र मुकाट १०० वर उतरलेला असतो. पॅकेट ट्रेसरमध्ये केबल नेहमीच धडधाकट, त्यामुळे हा दोष तिथे कधीच दिसत नाही.

शिकवायला माणूसच हवा असेल, तर विद्यापीठाच्या आवारातलं नायलिट आधी बघा. केंद्र सरकारची ही संस्था आपल्याच गावात असूनही पालकांच्या यादीत ती क्लासच्या जाहिरातींनंतर येते. असं का, हे मला कधी कळलेलं नाही.

प्रवेश कुठेही घ्या, पैसे भरण्याआधी लॅबमध्ये एक चक्कर मारा. टेबलाखाली सोललेल्या तारांचे तुकडे आणि फुकट गेलेले कनेक्टर पडलेत का, तेवढं पाहा.