चार्जिंगला लावा, पण उशाशी नको

उन्हाळ्यातली गोष्ट. रात्री लाईट गेली आणि दहा मिनिटांत इन्व्हर्टरनेही मान टाकली. बॅटरीतलं पाणी संपलं असेल म्हणून घरातले गृहस्थ बघायला गेले. अंधारात काही दिसेना, तेव्हा त्यांनी झाकण उघडून काडी पेटवली. मोठा आवाज झाला आणि ॲसिडचे शिंतोडे थेट चेहऱ्यावर उडाले. पत्नीने त्यांना ओढतच मोरीत नेलं, डोळे उघडे धरून तांब्यामागून तांब्या पाणी ओतलं आणि मगच रिक्षा बोलावली. त्यांची दृष्टी वाचली ती त्या पाण्यामुळे. आम्ही डॉक्टरांनी जे केलं ते त्यानंतरचं.

आज प्रत्येक घरात चार-पाच तरी चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या असतात. त्या तीन प्रकारच्या आहेत आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी.

इन्व्हर्टरची बॅटरी

ही शिसं आणि गंधकाम्लाची बॅटरी. हिचा शोध फ्रान्सच्या गास्टाँ प्लान्ते यांनी 1859 मध्ये लावला. चार्ज होताना तिच्यातल्या पाण्याचं थोडंफार विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार होतात. म्हणून पाणी कमी होतं. हवेत चार टक्के हायड्रोजन साठला तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यामुळे ही बॅटरी बंद कपाटात, देवघराजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नये. तिथे वारा खेळता हवा. आत बघायचं तर टॉर्च वापरा. इन्व्हर्टर बंद करा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि खुणेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार बॅटरीचं आयुष्य खातात. वरून ॲसिडही घालू नका. ही बॅटरी पूर्ण रिकामी होऊ देणं तिला मानवत नाही. लाईट आल्यावर तिला पूर्ण चार्ज होऊ द्या.

पेन्सिल सेल

आमच्या लहानपणी रेडिओचे सेल संपले की उन्हात वाळत घालायचे. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घ्यायची आणि बातम्यांपुरता रेडिओ चालायचा. ते सेल चार्ज होणारे नव्हते. आजही साधे सेल चार्जरमध्ये घालू नयेत. ते गरम होऊन फुटतात किंवा त्यातून त्वचा जाळणारा क्षार गळतो. सेलवर ‘रिचार्जेबल’ लिहिलेलं आधी वाचा.

रिचार्जेबल पेन्सिल सेल बहुधा निकेल-मेटल हायड्राइडचे असतात. साध्या सेलचा दाब 1.5 व्होल्ट, यांचा 1.2. म्हणून बीपीच्या मशीनमध्ये हे घातले की काही वेळा सेल भरलेले असूनही ‘बॅटरी लो’ दिसतं. मशीनच्या माहितीपत्रकात कोणते सेल सांगितले आहेत ते पाहा. आपोआप बंद न होणारा स्वस्त चार्जर असेल, तर वेळेचा हिशोब सोपा आहे. सेल 2000 मिलीॲम्पिअर-तासाचा आणि चार्जर 200 मिलीॲम्पिअरचा असेल, तर भागाकार दहा. काही ऊर्जा वाया जाते, म्हणून बारा ते चौदा तास लावा. त्यापुढे तो नुसता तापतो. नवे-जुने सेल एकत्र घालू नका.

मोबाईल आणि स्कूटर

यात लिथियम-आयन बॅटरी असते. ज्या तिघांनी तिचा पाया घातला त्यांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हिचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. साधारण 45 अंशांच्या वर ती चार्ज करू नये. आपल्या सोलापुरात मे महिन्यात सावलीतला पाराच 42-43 वर जातो. उन्हात उभ्या गाडीत किंवा खिडकीतल्या उन्हात फोनचं काय होत असेल, विचार करा. फोन उशीखाली किंवा चादरीखाली चार्जिंगला लावला की त्याची उष्णता बाहेर पडत नाही. सोलापुरी चादर आपल्यासाठी उबदार, फोनसाठी नव्हे! चार्जिंग फरशीवर किंवा मोकळ्या टेबलावर करा. रोज शंभर टक्के भरण्याची किंवा शून्यावर नेण्याची गरज नाही. वीस ते ऐंशीच्या दरम्यान ठेवलं तर बॅटरी जास्त टिकते. बॅटरी फुगली, वास आला किंवा हाताला चटका बसू लागला, तर वापर थांबवा. ती दाबून बघू नका, टोचू तर मुळीच नका.

सप्टेंबर 2022 मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा रात्री स्फोट झाला. त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा वाचला नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा: स्कूटरची बॅटरी माणसं झोपतात त्या खोलीत आणि घराबाहेर पडायच्या दाराशी कधीही चार्ज करू नका. चार्जर कंपनीने दिलेलाच वापरा. उन्हातून आलेली गाडी आधी निवू द्या, मग प्लग लावा.

झालंच तर काय कराल?

डोळ्यात ॲसिड गेलं तर लगेच किमान पंधरा ते वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि मग दवाखाना गाठा. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ यांतलं काही लावू नका. मुलाने बटण सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत खोल जखम करू शकतो. उलटी करवू नका, ताबडतोब एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

जुनी बॅटरी घरी फोडू नका, फोडून घेणाऱ्यालाही देऊ नका. तिच्यातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडेच द्या.

आज रात्री झोपण्यापूर्वी घरातून एक चक्कर मारा आणि कोणता चार्जर कुठे लावलाय ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.