स्तनाच्या दुर्मीळ गाठी : फायलोड्स

स्तनात होणाऱ्या सगळ्या गाठींमध्ये फायलोड्सचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८३८ मध्ये तिचे वर्णन केले. गाठ कापली की आत पानांसारख्या घड्या दिसतात, त्यावरून तिला हे नाव मिळाले. नेहमीचा स्तनाचा कर्करोग दुधाच्या नलिकांच्या अस्तरात सुरू होतो. फायलोड्समध्ये बेसुमार वाढतात त्या नलिकांभोवतीच्या आधार-ऊतीतल्या पेशी. तिच्या उपचाराची वाट वेगळी होते ती इथूनच.

ही गाठ बहुधा चाळिशी-पन्नाशीत येते. हाताला ती गोल, टणक आणि सरकती लागते, म्हणजे तरुण मुलींमध्ये सर्रास आढळणाऱ्या निरुपद्रवी फायब्रोअडेनोमासारखीच. संशय येतो तो वेगामुळे. काही महिन्यांत ती दुप्पट होते, कधी १० सेंटिमीटरच्याही पुढे जाते. त्वचा ताणून चकाकते, शिरा उठून दिसतात. बारीक सुईने काढलेल्या पेशींवरून निदान पुष्कळदा फसते. जाड सुईची बायोप्सी बरी, पण तीही कधीकधी चकवते आणि खरा उलगडा पूर्ण गाठ काढल्यावरच होतो. पॅथॉलॉजिस्ट आधार-ऊतीतल्या पेशींची दाटी, त्यांचे बिघडलेले रूप, विभाजनाचा वेग आणि गाठीची कडा पाहून सौम्य, सीमारेषेवरची किंवा घातक असा प्रकार ठरवतात. बहुसंख्य गाठी सौम्य निघतात.

उपचाराचा कणा शस्त्रक्रिया हाच. गाठीभोवतीची किमान एक सेंटिमीटर निरोगी ऊतीही काढावी, असा दंडक बरीच वर्षे सरसकट पाळला गेला. सौम्य गाठीसाठी तो आता सैल झाला आहे, आणि ते योग्यच. तिथे गाठ पूर्ण निघाली की सहसा पुरते. सीमारेषेवरच्या आणि घातक गाठींत मात्र रुंद कड हवीच. स्तन वाचवून ती मिळत असेल, तर पूर्ण स्तन काढण्याने आयुष्य वाढत नाही. गाठच स्तन व्यापून बसली असेल, तर दुसरा पर्याय उरत नाही. काखेतल्या ग्रंथी सरसकट काढणे अनाठायी ठरते, कारण हा आजार पसरलाच तर बहुधा रक्तावाटे, मुख्यतः फुफ्फुसांत जातो.

५४ अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये झालेल्या विश्लेषणात त्याच जागी गाठ परतण्याचे प्रमाण सौम्य प्रकारात ८, सीमारेषेवरच्या प्रकारात १३ आणि घातक प्रकारात १८ टक्के आढळले. परतणारी गाठ बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसते, म्हणून त्या काळात तपासण्या टाळू नयेत. पुन्हा आलेली गाठही शस्त्रक्रियेनेच काढतात. घातक प्रकारात रेडिएशनने स्थानिक पुनरागमन कमी होते. आयुर्मान वाढल्याचा ठोस पुरावा नाही. हार्मोनच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही. दूर पसरलेल्या आजारावर सार्कोमासाठी, म्हणजे आधार-ऊतींच्या कर्करोगासाठी, वापरली जाणारी केमोथेरपी देतात, पण तिचे यश मर्यादित आहे.