केळशीच्या टेकडीने घडवलेला प्रश्न

दापोली तालुक्यातल्या केळशीला लोक जातात ते महालक्ष्मीच्या दर्शनाला, नाहीतर याकूबबाबांच्या दर्ग्याला. भारजा नदीच्या मुखाजवळची वाळूची टेकडी सहसा कोणी पाहत नाही. पीएचडीचा आराखडा लिहायला बसलेल्यांना मी मात्र या टेकडीच्या संशोधनाचा प्रवास आधी वाचायला सांगते.

खाडीवरच्या पुलाच्या कामाने टेकडी धोक्यात आली, तेव्हा डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे तिच्या थरांचा अभ्यास करत होते. वाळूत खापरे होती, बहमनी काळातली नाणी होती. म्हणजे इथे माणसे राहिली होती. पण एवढी वाळू इथे आणली कोणी? वाऱ्याने, वादळाने की समुद्राच्या एका प्रचंड लाटेने? मराठे यांनी त्सुनामीचा पक्ष मांडला. त्याला इतिहासाचा दुवाही आहे: १५२४ च्या सप्टेंबरात वास्को द गामाची जहाजे दाभोळजवळ समुद्रात हादरल्याचे पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवले आहे. दाभोळ याच तालुक्यात येते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तर जुन्या लाटांच्या खुणा शोधणे हा देशभर निकडीचा विषय झाला.

आराखड्याचे खरे काम इथून सुरू होते. ‘कोकण किनाऱ्याचा अभ्यास’ असे शीर्षक घेऊन येणारे पुष्कळ असतात. मार्गदर्शक विचारतात, नक्की काय तपासणार? केळशीपुरते उत्तर देता येते. वाऱ्याने साठलेली वाळू बारीक आणि एकसारख्या कणांची असते. लाटेने आणलेल्या थरात शिंपले, भरड कण आणि खोल पाण्यातले सूक्ष्मजीव सापडू शकतात. पण मोठे वादळही यातले बरेच काही आणते, आणि वादाची गाठ तिथेच आहे. नाण्यावरून थर त्याआधीचा नाही एवढेच कळते, कारण नाणी पिढ्यानपिढ्या चलनात राहतात. वाळूच्या कणाला शेवटचे ऊन कधी लागले हे सांगणारी दीप्तिकालमापन पद्धत म्हणूनच हवी. शिंपल्यांचे कार्बनवय काढताना समुद्राच्या पाण्यातल्या जुन्या कार्बनची दुरुस्तीही करावी लागते.

त्सुनामीचा अंदाज कोणत्या पुराव्याने खोटा ठरेल, हे ज्या आराखड्यात लिहिलेले असते, तो मला सर्वांत भरवशाचा वाटतो. वेळापत्रकात पावसाळ्याचे चार महिने प्रयोगशाळेसाठी ठेवावेत आणि परवानग्यांचे अर्ज पहिल्याच महिन्यात करावेत. कापलेली वाळू पुन्हा थराने रचता येत नाही.