बायपोलर विकार आणि मुलाचे औषधपाणी

बायपोलर विकार बहुधा किशोरवयाच्या उत्तरार्धात किंवा विशीच्या आसपास प्रथम प्रकट होतो, आणि नेमक्या त्याच वयातले चिडणे, जागरण आणि अभ्यासावरून मन उडणे घरात 'वयच तसे आहे' म्हणून सोडून दिले जात असल्याने निदान अनेकदा वर्षानुवर्षे लांबते. उन्मादाच्या अवस्थेत मुलाची मनःस्थिती किमान आठवडाभर अवाजवी उत्साहाची किंवा चिडखोर राहते, ते अखंड बोलते आणि तीन-चार तास झोपूनही थकत नाही. अवसादाच्या अवस्थेत मात्र निदान दोन आठवडे त्याला कशातच रस वाटेनासा होतो. अर्थात प्रत्येक तापट मुलाला हा विकार नसतो. अमेरिकेत असे निदान सरसकट होऊ लागल्यामुळेच तेथील मानसोपचार संघटनेने २०१३च्या निदानपुस्तिकेत सततच्या चिडचिडीसाठी वेगळा विकार नोंदवला.

ऑस्ट्रेलियातील मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर गुणकारी म्हणून मांडलेले लिथियम आजही या उपचारांतील प्रमुख औषध आहे, परंतु त्याची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर फारच थोडे असते. रक्तातील त्याची पातळी साधारणपणे ०.६ ते १.२ दरम्यान ठेवली जाते आणि १.५च्या पुढे विषबाधेचा धोका वाढतो, म्हणून रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी देण्यापूर्वीच, तपासणीसाठी रक्त द्यावे लागते. लिथियम हा क्षार असल्याने शरीरातील मीठ-पाणी कमी झाले की मूत्रपिंडे तो बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतात. त्यामुळे एकादशीचा निर्जळी उपवास, मे महिन्याच्या उन्हात दिवसभर चाललेले क्रिकेट, जुलाब-उलट्या किंवा अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली आयबुप्रोफेनची गोळी यांपैकी काहीही ही पातळी वाढवू शकते. हात जोरात थरथरू लागले, जीभ जड झाली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे. थायरॉइड आणि मूत्रपिंडांची तपासणीही साधारण दर सहा महिन्यांनी करावी लागते.

सर्वांत मोठी चूक मात्र मूल बरे दिसू लागल्यावर होते. 'आता छान आहे, किती दिवस गोळ्या खाणार' हा नातेवाइकांचा सल्ला मायेपोटी दिलेला असला तरी घातक आहे, कारण लिथियम अचानक बंद केल्यास उन्माद उलटण्याची आणि आत्महत्येची जोखीम वाढते. औषध कमी करायचे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावे. पालकांनी मुलाच्या झोपेचे तास, मनःस्थिती आणि चुकलेल्या गोळ्या रोज वहीत टिपून ती वही भेटीच्या वेळी दाखवावी, कारण झोप कमी होणे ही पुष्कळदा नव्या उन्मादाची पहिली चाहूल असते. गोळ्यांचा साठा कुलपात ठेवणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे, ती सुरक्षिततेची गरज आहे. घरातील सततची टीका आणि वादावादी यांमुळेही विकार उलटू शकतो, म्हणून संपूर्ण कुटुंबाचे समुपदेशन हा उपचाराचाच भाग मानला जातो.

मुलाने जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली, तर ती धमकी समजून दुर्लक्ष करू नये. त्याला एकटे न सोडता तातडीने रुग्णालय गाठावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत समुपदेशन मिळते, आणि तेथे मराठीतही बोलता येते.