सायकलीचा पंप कसा निवडावा?

दूरच्या वाटेने जाणाऱ्या सायकलस्वाराने दोन गोष्टी विसरून चालत नाही. एक पिण्याचे पाणी आणि दुसरी चाकातील हवा. पाणी मागितले तर कोणीही देतो. हवा मात्र नेमकी अशा जागी जाते की जेथे जवळपास दुकान नसते. म्हणून शहाणा सायकलस्वार एक लहानसा पंप बरोबर बाळगतो. ‘पंप तो पंप, त्यात निवडण्यासारखे ते काय?’ असे कोणी म्हणेल. मीही गतवर्षापर्यंत असेच म्हणत होतो. पण एका प्रसंगाने माझे मत बदलले.

आमचे घर कोसाडला आहे. माझ्या दादाचे बोर्डाच्या परीक्षेचे केंद्र तापीपलीकडे सुरत शहरात आले होते. मामांनी नंदुरबारहून त्याच्यासाठी बारीक टायरांची एक जुनी, पण वेगवान सायकल पाठविली होती. बाबांनी तिच्यासाठी जाड नळीचा पंप विकत आणला. ‘मोठ्या पंपाने हवा लवकर भरते’ हे दुकानदाराचे म्हणणे खोटे नव्हते. परीक्षेच्या सकाळी अमरोलीच्या अलीकडे मागचे चाक पंक्चर झाले. दादाने जवळची ट्यूब घातली व तो हवा भरू लागला. पहिले तीस-चाळीस झटके भराभर गेले. मग दट्ट्या खाली जाईना. टायर बोटाला कठीण लागत होता, तेव्हा हवा पुरेशी झाली असे समजून तो निघाला. पुढच्याच खड्ड्यात रिमचा दणका बसून नवी ट्यूबही दोन ठिकाणी चिरली. शेवटी तो रिक्षाने केंद्रावर पोहोचला, तेव्हा फाटक बंद होण्याच्या बेतात होते. पंप मोडलेला नव्हता. तो केवळ त्या चाकासाठी नव्हता. यातील मर्म पुढे आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी आम्हाला फळ्यावर समजावून दिले. तेच येथे मांडीत आहे.

हवेने फुगविलेल्या टायराचे एकस्व प्रथम रॉबर्ट विल्यम थॉमसन याने इ. स. १८४५ मध्ये घेतले. पण ते वापरात रुळले नाही. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी केलेल्या खटपटीतून तीच कल्पना पुन्हा साकार केली, आणि तेव्हापासून सायकल हवेवर चालू लागली. साहजिकच तिच्या पाठोपाठ पंपही आला. पंपाचे काम ज्या नियमाने चालते तो रॉबर्ट बॉइल याने १६६२ मध्येच सांगून ठेवला होता. तपमान तेच राहिले तर हवेचे आकारमान जितके कमी करावे तितका तिचा दाब वाढतो. दट्ट्या नळीतील हवा दाबीत खाली येतो. तिचा दाब ट्यूबमधील दाबाहून अधिक झाला की मगच व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा आत शिरते. म्हणजे चाकात जितकी हवा अधिक, तितका पुढचा प्रत्येक झटका जड.

आता हा जडपणा किती, ते पाहू. दाब म्हणजे क्षेत्रफळाच्या एका एककावर पडणारे बल. यास्तव दट्ट्यावर लावावा लागणारा जोर म्हणजे चाकातील दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ. बारीक टायरावर ‘७०० × २५’ असे छापलेले असते. त्यातील २५ हा आकडा टायराची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. अशा टायरात साधारण शंभर पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ७ किलोग्रॅम दाब लागतो. पंपाच्या नळीचा आतील व्यास २० मिलिमीटर असेल, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.१ चौरस सेंटिमीटर होते आणि अखेरच्या झटक्याला २२ किलोग्रॅमचा जोर पुरतो. व्यास ३० मिलिमीटर असेल, तर क्षेत्रफळ सुमारे ७.१ होते आणि जोर लागतो जवळजवळ ५० किलोग्रॅमचा! आमच्या वर्गातील कित्येक मुलांचे वजनही इतके नाही. दादाचा दट्ट्या का अडला, याचे उत्तर या एका गुणाकारात आहे. व्यास दुप्पट झाला की जोर चौपट लागतो, ही गोष्ट विसरू नये.

मग जाड नळी कुचकामाची काय? मुळीच नाही. आपल्या वडिलांच्या साध्या, जाड टायरांच्या सायकलीचा विचार करा. तिच्या २८ × १½ मापाच्या टायरात सुमारे पावणेतीन लिटर जागा असते, परंतु दाब पुरतो साधारण ३ किलोग्रॅम. बारीक टायरात जागा जेमतेम एक लिटर, पण दाब ७ किलोग्रॅम. हिशेब केला तर बाहेरची सात-आठ लिटर हवा दोघांतही भरावी लागते. फरक हवेच्या मापात फारसा नाही. तो दाबात आहे. पंधरा सेंटिमीटर धाव असलेला ३० मिलिमीटरचा पंप जाड टायराला सुमारे पाऊणशे झटक्यांत भरतो आणि त्याला जोर लागतो अवघा २१ किलोग्रॅमचा. तेवढ्याच धावेच्या २० मिलिमीटरच्या पंपाने बारीक टायर भरण्यास सुमारे दीडशे झटके लागतील. प्रत्यक्षात थोडी हवा नळीच्या तळाशी उरते, थोडी गळते; म्हणून झटके आणखी वाढतात. झटके अधिक पण हलके, की थोडे पण जड, एवढाच सौदा आहे. बारीक टायरवाल्याने पहिला पत्करावा. जाड टायरवाल्याला दुसरा परवडतो, कारण त्याच्या चाकात दाबच कमी असल्याने तेथे जड झटकाही फार जड होत नाही.

काही पंपांवर १२० किंवा १६० पौंड असे ठळक आकडे छापलेले असतात. त्यांना भुलू नये. तो पंपाच्या शरीराचा सोसण्याचा आकडा आहे. आपल्या दंडाचा नव्हे. नळीचा व्यास विचारावा. दट्ट्या बाहेर काढता येत असेल, तर त्याच्या टोकाचे वॉशर फूटपट्टीने मोजावे. बाहेरून जाड दिसणारी नळी आतून बारीक असू शकते.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. सायकलीच्या ट्यूबला तीन प्रकारचे व्हॉल्व्ह आढळतात. आपल्याकडील साध्या सायकलींना बहुधा वुड्स व्हॉल्व्ह असतो. त्याच्या जुन्या रूपात रबराची छोटी वॉलट्यूब असते. दुसरा श्रेडर, मोटारसायकलीच्या चाकाला असतो तसा जाड. तिसरा प्रेस्टा, पेन्सिलीहून बारीक. त्याच्या टोकाची चिमुकली चकती सैल करून, एकदा दाबून मगच हवा भरावयाची. पंपाचे तोंड आपल्या व्हॉल्व्हला बसते ना, हे दुकानातच लावून पाहावे. पंपाला वीतभर लवचीक रबरी नळी असेल तर अति उत्तम. ताठ तोंडाचा पंप व्हॉल्व्हवर चढवून आपण जोर करू लागलो की व्हॉल्व्ह हिसडे खातो. प्रेस्टाची बारीक दांडी वाकते, किंवा व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटते. पंक्चर काढण्यास गेलो आणि व्हॉल्व्ह मोडून बसलो, असे व्हावयास नको.

तिसरी गोष्ट दाबमापकाची. दादा फसला तो बोटाच्या परीक्षेने. बारीक टायर निम्म्या हवेवरही बोटाला कठीण लागतो; मात्र खड्ड्याच्या काठावर तो चेपतो, ट्यूब रिम आणि दगड यांच्यात सापडते आणि सापाच्या दातांसारखी दोन छिद्रे पडतात. लहान पंपावरील मापक अगदी अचूक नसला तरी चाळीस आणि ऐंशी यांतील भेद सांगतो. आपले तेवढ्याने भागते. टायराच्या कडेवर छापलेल्या कमाल दाबाच्या पुढे मात्र जाऊ नये. सुरतेच्या उन्हाने टायर फुटेल अशी भीती काहींना वाटते. हवा २५ अंशांवरून ४५ अंशांवर तापली, तर ७ किलोग्रॅमचा दाब साडेसातपर्यंत जातो. कमाल दाबाहून थोडी कमी हवा ठेवणाऱ्यास एवढ्याने चिंता नको.

विकत घेण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. पंपाचे तोंड अंगठ्याने घट्ट बंद करून दट्ट्या दाबावा व सोडावा. तो उसळून वर आला तर वॉशर चांगले; निमूटपणे खालीच बसला तर हवा गळते आहे. चामड्याचे वॉशर असेल तर त्याला अधूनमधून तेलाचा थेंब द्यावा. पावसाळ्यात पंपाचे तोंड झाकून ठेवावे. चिखलाचा एक कण वॉशर कापावयास पुरेसा होतो. भरताना पंप गरम झाला तर घाबरू नये. दाबलेली हवा तापते, हा सृष्टीचा नियमच आहे.

हल्ली कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी मिळतात. सोळा ग्रॅमच्या एका नळकांड्याने बारीक टायर क्षणात भरतो, परंतु ते एकदाच उपयोगी पडते. शिवाय तो वायू रबरातून हवेपेक्षा लवकर निसटतो, म्हणून घरी येऊन पुन्हा हवा भरावी लागते. विजेवर चार्ज होणारे छोटे पंपही आहेत; पण चार्जिंग संपले की ते ओझेच. विद्यार्थ्याच्या खिशाला आणि गरजेला हाताने चालणारा पंपच बरा. त्याचे इंधन आपल्या दंडात असते.

यंदा आम्ही जुना पंप बाबांच्या सायकलीला दिला. तेथे तो उत्तम चालतो. दादासाठी २० मिलिमीटर व्यासाचा, रबरी नळी असलेला पंप घेतला आणि घरीच रिकाम्या चाकात हवा भरून पाहिली. दादाने भरली, मग मी भरली, आणि शेवटी आईनेही दट्ट्या तळापर्यंत नेऊन दाखविला. घरातील सर्वांत अशक्त हाताला जो पंप अखेरच्या झटक्यापर्यंत चालविता येतो, तोच आपला पंप. ही परीक्षा अंगणात करावी. वाटेवर ती करण्याची पाळी आली, तर तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे होते.