शर्यतीच्या घोड्याची किंमत आणि ग्राहकाचा विश्वास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हाला भूमिती शिकवली. ‘पक्ष’ पुरता लिहून झाल्याशिवाय ‘साध्या’कडे वळायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. पुढे मी घोड्यांचा डॉक्टर झालो आणि माझे आयुष्य पागांमध्ये गेले. शर्यतीच्या घोड्यांचा लिलाव हा विषय शाळेच्या व्यासपीठावर कशासाठी, असे काहींना वाटले असेल. जुगाराची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. ज्या वस्तूचे खरे मोल खरेदीच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते, तिची किंमत कशी ठरते आणि कशाच्या बळावर टिकते, एवढेच मला उलगडून दाखवावयाचे आहे.

शर्यतीच्या जातीची शिंगरे बहुधा दीड वर्षाच्या आसपास लिलावात येतात. त्यांच्या पाठीवर तोवर स्वार बसलेला नसतो. ग्राहकापुढे तीनच आधार असतात : छापील वंशावळ, शिंगराची ठेवण व चाल, आणि डॉक्टरचा अभिप्राय. ते धावेल किती, हे यांपैकी एकही निश्चित सांगू शकत नाही.

याचे बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘माय चार्मर’ या घोडीची दोन अपत्ये. पहिले, ‘सिअ‍ॅटल स्ल्यू’, 1975 मध्ये केंटकीतील लिलावात 17,500 डॉलरना विकले गेले. 1977 मध्ये त्याने एकही शर्यत न हरता अमेरिकेतील मानाच्या तिन्ही शर्यती जिंकल्या. मग त्याच घोडीचे दुसऱ्या नरापासून झालेले शिंगरू, ‘सिअ‍ॅटल डान्सर’, 1985 मध्ये केंटकीतच किनलँडच्या लिलावात आले आणि बोली 1 कोटी 31 लाख डॉलरपर्यंत चढली. त्याने आयर्लंडमध्ये दोन चांगल्या शर्यती जिंकल्या; पण थोरल्या भावाची सर त्याला आली नाही. थोरल्याचा पराक्रम धाकट्याच्या किमतीत आधीच मोजला गेला होता.

त्यापूर्वी 1983 मध्ये त्याच ठिकाणी 1 कोटी 2 लाख डॉलरना विकलेला ‘स्नाफी डान्सर’ एकाही शर्यतीत उतरला नाही. 2006 मध्ये फ्लोरिडात ‘ग्रीन मंकी’ या दोन वर्षांच्या घोड्याला 1 कोटी 60 लाख डॉलर मिळाले. त्याला तर खरेदीपूर्वी ग्राहकांसमोर धाववूनही दाखविले होते. तो तीन शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही.

या व्यवहारांना फसवणूक म्हणता येणार नाही. विकणारा आणि घेणारा, दोघेही भविष्याविषयी सारखेच अज्ञानी होते. शिवाय लिलावात घोडा ज्याच्या पदरी पडतो, तो बहुधा जमलेल्यांतील सर्वांत आशावादी मनुष्य असतो, हेही विसरू नये. अज्ञान दोन्ही बाजूंना समान असेल, तर बाजार चुकतो, पण मोडत नाही. एका बाजूला माहिती असते आणि ती दडविली जाते, तेव्हा मात्र तो मोडू लागतो.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून हे दाखविले. 2001 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा युक्तिवाद सोपा आहे. चांगला व वाईट माल ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर तो सरासरी भाव देतो. त्या भावात उत्तम माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला विक्रेता निघून जातो. सरासरी आणखी घसरते, भाव आणखी पडतो, आणि शेवटी बाजारात खोडीची जनावरेच उरतात.

हे सूत्र मी पुस्तकात वाचण्यापूर्वी डोळ्यांनी पाहिले होते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विक्रेत्याच्या पागेतील शिंगरांची तपासणी मी करीत असे. त्यांपैकी एकाच्या मागच्या पायाच्या सांध्यात हाडाचा सुटा कण क्ष-किरणांत दिसला. मालक म्हणाले, “डॉक्टरसाहेब, कोणी विचारले तर सांगा. आपण होऊन कशाला?” कोणी विचारले नाही आणि मीही बोललो नाही. चार मित्रांनी पैसे एकत्र करून ते शिंगरू घेतले. पहिल्याच हंगामात ते लंगडू लागले. पुढच्या वर्षी ते चौघे आले नाहीत, त्यांचे परिचितही आले नाहीत. त्या वर्षी त्याच पागेत दोन निर्दोष शिंगरे होती. त्यांनाही भाव आला नाही. मालकांचे नुकसान झाले हे खरे. पण त्या चौघांपुढे मी गप्प राहिलो, याची बोच मला आजही आहे.

मग उपाय कोणते? इंग्लंडमध्ये रिचर्ड टॅटरसॉल याने 1766 मध्ये स्थापन केलेली लिलावाची पेढी आजही न्यूमार्केट येथे विक्री करते आणि आजही बोली गिनीत पुकारते. तिच्या शर्तींनुसार गव्हाण चावून हवा गिळणे, उभ्या जागी डुलत राहणे, ठाणात सतत फेऱ्या घालणे, अशा खोडी आधी जाहीर कराव्या लागतात. दडविलेली खोड ठरावीक मुदतीत सिद्ध झाली, तर घोडा परत करता येतो.

दुसरा उपाय अमेरिकेत 1990 च्या दशकात रूढ झाला. विक्रेता शिंगराच्या सांध्यांची क्ष-किरण छायाचित्रे लिलावस्थळीच्या एका कक्षात ठेवतो आणि प्रत्येक ग्राहकाचा डॉक्टर ती पाहू शकतो. त्यापूर्वी एकाच शिंगराची छायाचित्रे निरनिराळे डॉक्टर पुनःपुन्हा घेत असत.

तिसरा प्रश्न बोलीच्या प्रामाणिकपणाचा. आपल्याकडील जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची रीत होती. तो भाव तिसऱ्याला कळत नसे. उघड लिलावात प्रत्येकाची बोली सर्वांना ऐकू येते, हा त्याचा मोठा गुण. मात्र त्या बोलीमागे खरा ग्राहक हवा. विक्रेत्याने राखीव किंमत ठेवण्यास हरकत नाही. बोली तिथवर न पोचल्यास ‘विक्री झाली नाही’ अशी स्वच्छ नोंद व्हावी. ग्राहकाच्या वतीने बोली लावणारा दलाल विक्रेत्याकडूनही गुपचूप दलाली घेत असेल, तर चढलेल्या भावाला अर्थ उरत नाही. केंटकी राज्याने 2006 मध्ये कायदा करून अशा छुप्या दुहेरी दलालीला मनाई केली.

या उपायांनाही मर्यादा आहेत. एकाच छायाचित्राचे दोन डॉक्टर दोन अर्थ लावतात, आणि लहान ग्राहकाला स्वतःचा डॉक्टर नेमणे परवडत नाही. म्हणूनच विक्रेत्याने न विचारता सांगणे, याला पर्याय नाही. त्याने दोष सांगितला तर त्या एका घोड्याचा भाव उतरेल. पण पागेतील इतर घोड्यांविषयी त्याचा शब्द खरा मानला जाईल. ग्राहकाचा विश्वास म्हणजे घोडा जिंकेलच अशी खात्री नव्हे. विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते आपल्यालाही ठाऊक आहे, एवढीच ती खात्री असते. हरण्याचा धोका ग्राहक आनंदाने पत्करतो. नाडले जाण्याचा पत्करीत नाही.

गुरुजींच्या भाषेत सांगावयाचे तर, घोड्याचे ‘साध्य’ कोणाच्याच हाती नाही. ‘पक्ष’ पुरता लिहिणे मात्र आपल्या हाती आहे. त्या दिवशी मी तो अर्धाच लिहिला. त्यांच्या स्मृतीस वंदन करताना ही चूक त्यांच्याच शाळेत सांगावी, असे मनात होते.