उन्हावर बनणारे ठिबकचे औषध



आपल्या लोणी-धामणी भागात पाऊस बेताचाच. पाणी मोजून वापरायचे म्हणून ठिबक आले. पण शेततळ्याचे पाणी ठिबकला सोडले की काही दिवसांत नळीत बुळबुळीत थर धरतो, ड्रिपर चोंदतात आणि ओळीच्या टोकाचे झाड तहानलेले राहते. हा थर शेवाळाचा अन् जिवाणूंचा. तो काढायला बरेच जण हायड्रोजन पेरॉक्साईड वापरतात. जखमेवर टाकले की फसफसते ना, तेच हे. फक्त ठिबकसाठी मिळते ते फार जहाल, बहुधा ५० टक्क्यांचे. काम झाल्यावर त्याचे पाणी आणि ऑक्सिजन होतो, जमिनीत काही उरत नाही.

लोणीत एका शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, पाण्याचं न् हवेचंच जर हे बनतंय, तर विहिरीवरच का करू नये? ऊन तर फुकट आहे." प्रश्न नेमका होता.

आज हे रसायन कल्याणसारख्या ठिकाणी मोठ्या कारखान्यात होते. त्याला हायड्रोजन वायू लागतो. मग जहाल द्रव कॅनमध्ये भरून शेकडो किलोमीटर न्यायचा, आणि आपण तो पुन्हा पाण्यात पातळ करायचा!

उन्हावरची रीत वेगळी. तिच्यात एक भुकटी असते, तिला उत्प्रेरक म्हणतात. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखी ती काम घडवून आणते, पण स्वतः त्या संसारात शिरत नाही. भुकटीवर ऊन पडले की तिच्यातले विजेचे सूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सुटे होतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो आणि पेरॉक्साईड बनते. भुकटीची झालेली तूट पाणी भरून काढते. उन्हाने पाण्यावर अशी क्रिया घडवता येते हे जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली दाखवले. त्यांचा पदार्थ म्हणजे रंगात घालतात तो पांढरा टायटॅनियम डायऑक्साईड. पुढे २०१९ साली ओसाका विद्यापीठात राळेच्या भुकटीने उन्हातली सुमारे अर्धा टक्का शक्ती पेरॉक्साईडमध्ये उतरवली.

अर्धा टक्का म्हणजे किती? हिशेब मांडला तर भर दुपारी एक चौरस मीटरवर तासाला ५ ग्रॅमच्या आसपास. ठिबकला पातळच लागते, तेव्हा हे अगदीच टाकाऊ नाही. अडचण दुसरीच आहे. तयार झालेले पेरॉक्साईड उन्हानेच फुटते, पाण्यात लोह असेल तर आणखी लवकर. शिवाय प्रयोगशाळेचे पाणी स्वच्छ, आपल्या शेततळ्याचे गढूळ. म्हणून हे काम अजून प्रयोगशाळेतच आहे. "टाकीत टाका, उन्हात ठेवा" म्हणत कोणी पावडर विकायला आला तर पैसे देऊ नका.

तोवर कॅनच वापरायचा आहे. मी एकदा हातमोजे न घालता झाकण उघडले, तर बोटे पांढरी पडून रात्रभर चुरचुरत होती. तेव्हा मोजे आणि चष्मा घालाच. औषध पाण्यात ओता, पाणी औषधात नको. लोखंडी भांडे वापरू नका. ब्लिचिंग पावडर किंवा ॲसिड याच्यासोबत कधीही मिसळू नका. कॅन सावलीत ठेवा. त्याच्या झाकणाला वायू जायला छिद्र असते, ते बुजवू नका. मात्रा लेबलावर पाहूनच घ्या, आणि औषध दिल्यावर नळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा.

आणि हो, दूध टिकावे म्हणून हे दुधात घालणे ही भेसळ आहे, कायद्याने गुन्हा आहे. कॅन गोठ्याजवळ ठेवूच नका.